ईपीवरून एमएसचं भाकीत करताय? निदान या चुका टाळा

१९ वर्षं मी ईपी (इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे मेंदू आणि नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासण्या) लॅबमध्ये लोकांच्या डोक्यापायाला इलेक्ट्रोड चिकटवतेय. पूर्वी लॅबमध्ये फक्त पेशंट यायचे, आता लॅपटॉप घेतलेली मुलंही येतात. "मॅडम, एमएसचा डेटा मिळेल का? दोन वर्षांनी कोणाचं अपंगत्व वाढेल ते सांगणारं मॉडेल करायचंय." कल्पनेत काही खोट नाही. एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस) मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झडलं की संदेश उशिरा पोचतो आणि तो उशीर मिलिसेकंदांत मोजता येतो. एमआरआयवरचे डाग आणि पेशंटचं चालणं यांचा मेळ कितीदा तरी बसत नाही, तिथे या तपासण्या उपयोगी पडतात. पण मुलं बदलतात, चुका त्याच राहतात.

पहिली चूक माझ्या डोक्यात जाते. आमच्या शीटमध्ये काही रकान्यांत आकड्याऐवजी ‘एनआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे नो रिस्पॉन्स. डोक्यावर कॉइल धरून पूर्ण ताकदीने चुंबकीय पल्स दिला, तरी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत वेव्ह उमटली नाही. एका हुशार मुलाने काय करावं? त्याच्या प्रोग्रामला अक्षरं चालेनात, म्हणून ‘एनआर’ सगळे पुसले आणि रिकाम्या जागी सरासरी भरली. मग मला कौतुकाने तक्ता दाखवायला आला. नावं काढलेली होती, पण वय, तारीख आणि ईडीएसएस (एमएसमधल्या अपंगत्वाचा स्कोअर) ७ बघून ओळ मी ओळखली. त्या काकू व्हीलचेअरवर येतात. त्यांच्या पायांवर मी पाऊण तास घालवला होता, वेव्ह शेवटपर्यंत आली नव्हती, आणि इथे त्यांच्या नावावर ४१.६ मिलिसेकंद! लेटन्सी, म्हणजे संदेश पोचायला लागणारा वेळ, जवळजवळ माझ्याच पायाइतकी. सगळ्यात जास्त त्रास असलेली माणसं त्याने एका ओळीच्या कोडने बरी करून टाकली होती. मॉडेल काही शिकत नाही म्हणून तो महिनाभर अल्गोरिदम बदलत बसला होता. त्याआधी एकदा येऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी काय करते ते सांगते. ‘वेव्ह आली की नाही’ याचा वेगळा रकाना ठेवते. लेटन्सी हवीच असेल तर एनआरला सगळ्यात वाईट आकड्याच्याही पुढे बसवते. शून्य तर कधीच नाही, शून्य म्हणजे विजेपेक्षा वेगवान पाय. आणि रकाना नुसता कोरा असेल तर तो एनआर नव्हे. पेशंटला फिटचा आजार होता म्हणून कॉइल लावलीच नसेल, किंवा तो दमून घरी गेला असेल. ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. रजिस्टर उघडायचा कंटाळा असेल तर हा विषय घेऊ नका.

दुसरी चूक इतकी गोड निकाल देते की कोणाला ती सोडवत नाही. एकच पेशंट आठ वेळा आलेला असतो. त्याच्या ओळी पिसून काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवल्या की मॉडेल आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. त्याची वेव्ह त्याच्या सहीसारखीच असते. विभागणी ओळींची नाही, पेशंटची करायची. मग आकडा धाडकन पडतो, पडू दे. बेल्जियममधल्या ओव्हरपेल्टच्या एमएस केंद्रातल्या एमईपी (हीच कॉइलवाली तपासणी) नोंदींवर २०२० साली एक काम प्रसिद्ध झालं. नुसती लेटन्सी न घेता पूर्ण वेव्हमधून हजारो वैशिष्ट्यं काढली, तरी एयूसी (मॉडेल बिघडणारे आणि न बिघडणारे किती नीट वेगळे करतं त्याचं माप, १ म्हणजे पैकीच्या पैकी) ०.७२ वरून ०.७५ वर गेला, बस. तेव्हा कोणी ०.९५ घेऊन आलं की मी अभिनंदन करत नाही, विभागणी कशी केली ते विचारते.

‘अचूकता ८५ टक्के’ असंही मिरवू नका. दोन वर्षांत बहुतेकांचा ईडीएसएस हलतच नाही, त्यामुळे "कोणाचंच बिघडणार नाही" म्हणणारा ज्योतिषीसुद्धा तेवढा अचूक ठरतो.

ईडीएसएसच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. न्यूरॉलॉजिस्ट कर्ट्झकेंनी १९८३ साली मांडलेली ही ० ते १० ची पट्टी ४ च्या पुढे मुख्यतः चालणंच मोजते: ६ ला एक काठी, ६.५ ला दोन्हीकडे आधार. म्हणून ‘बिघडलं’ म्हणायला ५.५ पर्यंत निदान १ ची वाढ आणि त्यापुढे ०.५ ची, असा नेम बऱ्याच अभ्यासांत असतो. रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार अचानक उसळलेला असताना, घेतलेला स्कोअर धरू नका, काही महिन्यांनी तो टिकलाय का ते बघा. हाताची वेव्ह बिघडली आणि ईडीएसएस तसाच राहिला, तर तपासणीला नावं ठेवण्याआधी पट्टी हाताला किती विचारते तेही पाहा.

उंची लिहून घ्या. उंच माणसाच्या पायाला संदेश उशिराच पोचतो.

व्हीईपीला (डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाच्या तपासणीला) चष्मा घातला होता का, ते विचारा. चष्मा बॅगेत आणि अहवालात ‘पी१००’ (या तपासणीतली मुख्य वेव्ह) लांबलेला, असे कागद मी फाडलेत.

मशीन बदललं असेल तर ती तारीख शोधा. फिल्टर वेगळे, वेव्ह वेगळी.

एमईपीच्या वेळी पेशंटने स्नायू किंचित आवळला तरी लेटन्सी दोनेक मिलिसेकंदांनी कमी होते. आवळायचा की सैल सोडायचा, दर वेळी एकच पद्धत हवी.

आणि तापमान. पाय गार असले की पायातली नस मंदावते, म्हणून मी आधी पायांवर ब्लँकेट टाकते. उलट, अंग तापलं की एमएसच्या पेशंटची मायलिन झडलेली वाट आणखी अडते. उन्हातून, जिने चढून आलेल्या माणसाला मी २० मिनिटं पंख्याखाली बसवते. बाहेर रांगेतले लोक कुरकुरतात. नवीन टेक्निशियनसुद्धा कुरकुरतो.