वकिली आवरताना आधी डायरी, मग कपाट

वकिली थांबवायची ठरली की बरेच जण पहिल्याच रविवारी फाईलींचे गठ्ठे उपसायला बसतात. आधी डायरी उघडा. चालू प्रकरणांच्या तारखा एका वहीत उतरवा, शेजारी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा अक्षरं-आकडे मिळून सोळा खुणांचा ओळख क्रमांक, लिहा. तो हाती असला की पक्षकाराला ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतःच तारीख पाहता येते. मग निकाल लागलेल्या फाईली चाळा. 'संपली' म्हणून बाजूला टाकलेल्या फाईलीतच अपिलाची मुदत निघून जाते: दिवाणी हुकूमनाम्यावर (दाव्याच्या अंतिम निकालावर) जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०.

पक्षकारांना पत्र पाठवा, नुसत्या फोनवर भागवू नका. कधीपासून थांबताय, पुढची तारीख कोणती आणि कागद कधी न्यायचे, एवढं त्यात हवं. ज्युनिअरचं नाव जरूर सुचवा, पण फाईल परस्पर त्याच्या टेबलावर ठेवू नका. वकील पक्षकारानेच निवडायचा. न केलेल्या कामाची आगाऊ फी परत करा. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियमच तसा आहे.

पत्र गेलं म्हणून वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने कोर्टात दिलेलं तुमच्या नेमणुकीचं पत्र, सुटत नाही. नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर नाहरकतीची सही देणं सगळ्यात सोपं. पक्षकार फिरकतच नसेल तर त्याला नोटीस द्या, पोच जोडून कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करा आणि रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) आदेश दिसेपर्यंत तारखेला हजर राहा.

आता कपाट. आमच्या सीनियरांचं कपाट आवरताना एक मूळ खरेदीखत सापडलं. रबरबँड वितळून कागदाला चिकटला होता. पक्षकार वारलेला, मुलांना पत्ताच नाही. वारस शोधण्यात चार महिने गेले. म्हणून मूळ खरेदीखतं, मृत्युपत्रं, नकला यांची यादी करा आणि एकेका कागदाची नोंद करून पोचपावती घ्या. फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

नोकरी धरणार असाल तर सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करण्याचा अर्ज महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे द्या. जुना मोबाईल नंबर मात्र वर्षभर तरी चालू ठेवा.

आणि हे सगळं आवरायच्या आधीच आपलं काही बरंवाईट झालं तर? वकिलाच्या मृत्यूनंतर वकीलपत्र संपतं, तारखा चालूच राहतात. ती वही कुठे आहे आणि कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे, हे भरवशाच्या एका वकील मित्राला आजच सांगून ठेवा.