जोडीदाराकडे कॅनडाला यायचंय: स्टडी परमिट, स्पॉन्सरशिप की दोन्ही?

लग्न झालंय, जोडीदार कॅनडात आहे आणि लवकरात लवकर एकत्र राहायचंय, असे फोन मला वरचेवर येतात. सोबत एजंटाचा सल्ला ठरलेला असतो: "आधी कॉलेजला ॲडमिशन घ्या, स्टडी परमिटवर जा, स्पॉन्सरशिपचं तिथे गेल्यावर बघू." सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. शिवाय ॲडमिशनमागे एजंटाला बऱ्याचदा कॉलेजकडून कमिशन मिळतं, हे ध्यानात ठेवून तो ऐकावा.

आधी जोडीदाराचं इथलं स्टेटस बघा. स्पॉन्सर करू शकतो, म्हणजे तुमची हमी घेऊन तुमच्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करू शकतो, तो नागरिक किंवा पीआर (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायमचा रहिवासी). जोडीदार स्वतःच स्टडी परमिटवर असेल तर स्पॉन्सरशिपचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला फार तर ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) मिळेल, आणि तेही 21 जानेवारी 2025 पासून बरंच आवळलंय: जोडीदार किमान 16 महिन्यांचं मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक पदवी करत असेल तरच. स्पॉन्सर पीआर असेल तर तो कॅनडात राहत असायला हवा. तो स्वतःच नवरा किंवा बायको म्हणून स्पॉन्सर होऊन पीआर झाला असेल, तर तेव्हापासून 5 वर्षं त्याला नवा जोडीदार स्पॉन्सर करता येत नाही. पगाराची किमान अट सहसा नसते, मात्र 3 वर्षं तुमच्या गरजा भागवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं आणि मध्ये घटस्फोट झाला तरी त्यातून सुटका नाही.

आपल्याकडे हमखास होणारा एक घोळ इथेच सांगतो. रजिस्टर लग्न आधी उरकतात, विधी आणि हॉल वर्षभराने. मधल्या काळात मुलाचं किंवा मुलीचं पीआर येतं आणि "अजून लग्न कुठे झालंय" म्हणून अर्जात अविवाहितच राहतं. कॅनडाच्या लेखी लग्न रजिस्टर झालं त्या दिवशीच झालं. पीआर होताना न कळवलेला जोडीदार पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येणाऱ्यांच्या गटातून, बाद होऊ शकतो. तुमचं असं झालं असेल तर पुढचं वाचत बसू नका, परवानाधारक इमिग्रेशन वकील गाठा.

आता मूळ प्रश्न. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू ठेवता येतात. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 22(2) सांगतं की कायम राहायची इच्छा आहे एवढ्यावरून तात्पुरता परवाना नाकारता येत नाही. मात्र मुदत संपल्यावर, पीआर नाही झालं तर, तुम्ही परत जाल हे अधिकाऱ्याला पटायला हवं. नवरा टोरांटोत, घर टोरांटोत आणि कोर्स मात्र तुमच्या शिक्षणाशी काडीचा संबंध नसलेला, असं दिसलं की ते पटणं अवघडच. म्हणून माझं स्पष्ट मत: जोडीदार कॅनडात नसता तरी जो कोर्स तुम्ही केला असता, तोच घ्या. नुसतं एकत्र राहायचं असेल तर स्पॉन्सरशिपची फाइल टाका आणि ती दाखवून व्हिजिटर व्हिसा मागा. त्यासाठी परदेशी विद्यार्थ्याची फी भरण्यात अर्थ नाही. फीशिवाय खर्चाला पुरेसे पैसेही दाखवावे लागतात. 1 जानेवारी 2024 पासून एका माणसासाठी ती रक्कम 10,000 वरून 20,635 डॉलर झाली आणि त्यानंतर आणखी वाढली. कोर्स खरंच करायचाच असेल तर प्रवेशाच्या आधी कॉलेजच्या रजिस्ट्रारला विचारा. ऑन्टारियोत नागरिकाच्या किंवा पीआरच्या पती-पत्नीला आंतरराष्ट्रीय फीमधून सूट मिळू शकते, पण ती आपणहून कुणी देत नाही.

स्टडी परमिटच्या फॉर्मवर "अविवाहित लिहा, पटकन होईल" असं सांगणारे महाभाग अजून आहेत. त्यांना लांबून नमस्कार. तो फॉर्म आणि उद्याची स्पॉन्सरशिपची फाइल एकाच खात्याकडे जाते. तारखा किंवा वैवाहिक स्थिती जुळली नाही तर त्याच कायद्याच्या कलम 40 खाली चुकीची माहिती दिल्याचा ठपका आणि 5 वर्षांची बंदी. एसओपीमध्ये (का शिकायचंय ते सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या पत्रात) जोडीदार कॅनडात आहे आणि स्पॉन्सरशिपचा विचार आहे, हे सरळ लिहा. नावांचंही तेच. डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आधारवर तिसरंच काहीतरी, असं असेल तर 'इतर नावं' या रकान्यात सगळी भरा.

इथे पोहोचल्यावर स्पॉन्सरशिपची फाइल इनलँड (कॅनडात एकत्र राहणाऱ्यांसाठीचा प्रकार) टाकायची की आउटलँड (मुळात कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीचा प्रकार) हा वाद सुरू होतो. आउटलँड म्हणजे तुम्ही कॅनडाबाहेरच असलं पाहिजे असं नाही. इथे शिकत असतानाही ती फाइल टाकता येते. तिचा मोठा फायदा म्हणजे नकार आला तर स्पॉन्सरला अपील करता येतं. इनलँडमध्ये ते अपील नाही, दोघांनी कॅनडात एकत्र राहणं बंधनकारक आहे, आणि मध्येच घरी जाऊन परत येताना अडवलं गेलं तर फाइलच धोक्यात. तुमचं कॉलेज दुसऱ्या शहरात असेल तर इनलँडचा नाद सोडा. दोन पत्ते दिसले की प्रश्न येतातच.

फाइल गेली म्हणून कॉलेज सोडणारेही मी पाहिलेत. असं करू नका. स्टडी परमिटची अटच शिकत राहण्याची आहे, स्पॉन्सरशिपची पोच त्याऐवजी चालत नाही. पोच आल्यावर, तुम्ही जोडीदारासोबत इथे एकाच पत्त्यावर राहत असाल आणि स्टेटस चालू असेल, तर ओपन वर्क परमिट मागता येतं. 2023 पासून आउटलँडवाल्यांनाही. ते हातात येईपर्यंत वर्गात बसा आणि कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासांच्या मर्यादेत काम करा. परमिट संपत आलं असेल तर मुदतीच्या आत वाढीचा अर्ज टाका, म्हणजे निर्णय येईपर्यंत तुमचं स्टेटस टिकतं.

कागदांमध्ये लग्नपत्रिका आणि अल्बमपेक्षा रोजचे पुरावे भारी पडतात: दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, विम्यातलं नॉमिनेशन, भेटींची तिकिटं. मराठीतलं प्रत्येक कागदपत्र भाषांतरासकट लागतं, आणि ते भाषांतर घरच्यांपैकी कुणी केलेलं चालत नाही.