लेऑफची कुणकुण लागली की होणाऱ्या चुका : या टाळाच

ऐरोलीतल्या एका मोठ्या कंपनीत मी 19 वर्षं एचआरमध्ये काढली. शेवटची काही वर्षं, एकेकाला खोलीत बोलावून ‘तुमचं पद आता राहिलेलं नाही’ असं सांगणाऱ्या दोघांपैकी एक मी असायचे. पुढे माझंही पद गेलं. आता रविवारी सकाळी कळव्याच्या आमच्या घरी कोणी ना कोणी फाइल घेऊन येतं. जुलै 2025 मध्ये टीसीएसने जगभरातल्या आपल्या मनुष्यबळातून सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हापासून ठाणे-वाशी लाइनवर कोणत्याही कंपनीचा माणूस असो, त्याच्या पोटात गोळा असतो. भीती खरी आहे. पण येणारे लोक चुका करून झाल्यावर येतात आणि चुका त्याच त्याच असतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

खोलीत बसल्या बसल्या राजीनामा देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

शुक्रवारी दुपारी चारला मीटिंगचं आमंत्रण येतं, विषयात नुसतं ‘कनेक्ट’ लिहिलेलं. आत दोन माणसं, टेबलावर पाण्याचा ग्लास, लॅपटॉपवर राजीनाम्याचा मजकूर तयार: ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.’ आणि तोंडी सांगणं असं की आत्ता पेपर टाकलेत तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, नाही टाकलेत तर टर्मिनेशन, म्हणजे कंपनीनेच काढून टाकल्याचा शेरा लागेल आणि पुढे कुठे नोकरी मिळणार नाही. हे वाक्य मी स्वतः लोकांना म्हटलेलं आहे. त्याची मला लाज वाटते, म्हणूनच आज ठासून सांगते: त्या खोलीतली घाई कंपनीची असते, तुमची नसते.

लेऑफच्या एकाच फेरीतल्या दोघांची गोष्ट सांगते. एक टीम लीड, अकरा वर्षं नोकरी, घोडबंदर रोडला फ्लॅटचं कर्ज. त्याने वीस मिनिटांत मेल पाठवला. कर्ज घेताना त्याने नोकरी गेल्यास काही हप्ते भरणारा विमा काढलेला होता. तिथे दावा केला तर उत्तर आलं, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलाय, स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीला हे संरक्षण नाही. त्याच्याच मेलची प्रत जोडून उत्तर आलं होतं.

दुसरी एक टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारी. तिने मजकूर शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, हे मला मेलवर पाठवा. मी घरी वाचून सोमवारी सांगते.” एवढंच. ना आवाज चढवला, ना रडली. आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, कारण कोणालाही जागेवर सही करायला लावायचा अधिकार आम्हाला नव्हताच. सोमवारी ती पाच मुद्दे लिहून घेऊन आली. दोन महिन्यांचा जास्तीचा पगार आणि पॉलिसी वर्ष संपेपर्यंत मेडिक्लेम पदरात पाडून घेतला. असं काही देण्याची मुभा आम्हाला वरून मिळालेली असायची, पण मागणाऱ्यालाच द्यायचं असा अलिखित नियम होता.

कायद्याचंही थोडं समजून घ्या. जो कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसतो, त्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. खऱ्याखुऱ्या व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला ते लागू होत नाही. पण कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय म्हणून तुम्ही व्याख्येबाहेर गेलात असंही नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. राजीनामा दिलात की सहसा हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा सही करण्याआधी एकदा कामगार प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. मेव्हण्याच्या ओळखीतला मालमत्तेचा वकील नको.

ग्रॅच्युइटी बुडाली असं समजणं

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती तुमचीच. शेवटचं मूळ वेतन, महागाई भत्ता असेल तर तोही धरून (आणि इतर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो जास्तीचा भागही आता वेतनात धरतात), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. असं वेतन 60 हजार आणि 11 वर्षं असतील तर सुमारे 3 लाख 80 हजार होतात. ती 30 दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासकट. पाच वर्षं भरायला थोडेच आठवडे उरले असतील तर शेवटची तारीख पुढे ढकलायला सांगा. पैशाच्या वाटाघाटीपेक्षा तारखेची वाटाघाट बऱ्याचदा सोपी जाते.

रात्रीत सगळं स्वतःच्या मेलवर पाठवणं

नका करू. अफवा ऐकून कोड, क्लायंटच्या शीट, प्रेझेंटेशन स्वतःच्या जीमेलवर पाठवणारे सिस्टिममध्ये लगेच दिसतात. मग लेऑफऐवजी गैरवर्तनाची कारवाई होते आणि लेऑफची भरपाई हातात येत नाही. घरी असायला हवेत ते तुमचे स्वतःचे कागद: ऑफर लेटर, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांची प्रत्येक स्लिप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती आणि हिशेबाच्या वेळी त्यांना कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. मीही नोकरीत असेपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला स्लिप प्रिंट करून निळ्या फाइलीत लावायचे. ऑनलाइन आहेच की, असं तरुण मुलं म्हणतात. पोर्टलचा पासवर्ड शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद होतो, हे त्यांना तेव्हा कळतं.

पीएफवर हात टाकणं

पहिल्याच आठवड्यात पीएफ काढायला धावू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो. पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. मधेच पेन्शनचे पैसे काढून घेतलेत तर आधीची वर्षं हिशेबातून गेली. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, जोडलेला मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर आजच बदला.

घरी न सांगणं

हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

आमच्याच सोसायटीतला मुलगा, वय चाळीसच्या आतबाहेर. नोकरी गेली आणि घरी कोणाला काही बोलला नाही. पाच आठवडे रोज सकाळी बॅग आणि डबा घेऊन ठाण्याला जायचा, वाशीची गाडी पकडायचा आणि सागर विहारच्या खाडीकाठी बाकावर बसायचा. संध्याकाळी सातला घरी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं. बायको सासूबाईंना घेऊन गेली. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालून झाले होते, डोक्याला हिरवी टोपी चढवली होती. कॅशलेसच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन वळवून दाखवली: पॉलिसी निष्क्रिय. बायकोला वाटलं, कार्ड चुकीचं असेल. तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा मागून ऑफिसचा नाही, कावळ्यांचा आवाज येत होता.

सासूबाई त्या दिवशी ऑपरेशन न होता घरी आल्या. त्याची बायको मला म्हणाली, “काकू, रोज सकाळी मी त्याला डबा भरून देत होते आणि तो बाकावर एकटा बसून खात होता.” यापुढे तिला बोलवेना.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवसालाच संपतो, आई-वडिलांचाही. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचं श्रेय मिळतं, पण त्यासाठी अर्ज ग्रुपचं संरक्षण संपायच्या आत केलेला बरा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. हे सगळं त्याच्या हातात होतं. घरी सांगितलं असतं तर बायकोने पहिल्या दोन दिवसांत विचारलंच असतं, मेडिक्लेमचं काय?

तेव्हा बातमी त्याच संध्याकाळी घरी सांगा. मुलं झोपल्यावर वहीचं एक पान घ्या आणि दोघांनी मिळून लिहा: हप्ता, शाळेची फी, मेंटेनन्स, किराणा, औषधं. खाली शिल्लक लिहून भागाकार करा. किती महिने निघतात तो आकडा दोघांनाही माहीत हवा.

हप्ता चुकेपर्यंत बँकेपासून लपणं

हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत निघू शकणाऱ्या कर्जांत, जातं. पहिला हप्ता बाउन्स व्हायच्या आधी शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते लेखी विचारा. हातातल्या सगळ्या पैशांनी कर्जाचा मोठा तुकडा फेडण्याचा मोह मात्र आवरा. बँकेत भरलेले पैसे दूध-भाजीला परत मिळत नाहीत.

शॉर्टकट

सहा आठवड्यांत एआय तज्ज्ञ करणारा महागडा कोर्स नोटीस पिरियडमध्येच घेणारे मला दर महिन्याला भेटतात. घाबरून घेतलेला कोर्स कोणी पूर्ण करत नाही. नोकरी लावून देतो म्हणून आधी डिपॉझिट मागणारा माणूस फसवणारा आहे, त्यात दुसरा विचारच नको. आणि कंपनीला शिव्या घालणारी रात्री एकची पोस्ट पुढच्या ठिकाणचा एचआर वाचतो. मीही वाचायचे.

त्यापेक्षा आधी काम केलेल्या 30 जणांची नावं लिहा आणि रोज तिघांना फोन करा. मेसेज नको, फोन. “नोकरी गेली आहे, अमुक काम शोधतोय” हे पहिल्या वाक्यात सांगा. पहिल्या दिवशी जीभ जड होते. त्या टेस्टरला पुढची नोकरी सतराव्या फोनवर लागली, महापेला, आणि तो फोन तिने सहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाला केला होता.