चित्रसंग्रहालय काढायचंय? आधी उद्देश लिहा
साताऱ्यात सार्वजनिक चित्रसंग्रहालय काढायचं तर इमारतीच्या आधी उद्देश लिहून काढा: काय जमवणार, कोणासाठी, आणि काय घेणार नाही. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की भिडेखातर चित्रं घेतली जातात आणि गोदाम भरतं. औंधला तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आजही तिथं बघायला मिळतात. पण त्यांच्यामागे संस्थान होतं, आपल्यामागे नाही. म्हणून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था, आणि धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंदणी.

चित्र दान घेताना बक्षीसपत्र कराच. कॉपीराइट चित्राबरोबर आपोआप येत नाही; पोस्टकार्डं छापायची तर तो हक्क वेगळा, लेखी घ्या. प्रत्येक चित्राला नोंदक्रमांक द्या. उदाहरणार्थ २०२५.३.७, म्हणजे साल, त्या सालातली कितवी आवक, त्यातलं कितवं चित्र. कागदावरच्या चित्रांवर तो मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.

जलरंगांवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, तैलचित्रांना २०० चालतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, तिथं टेकलेल्या चित्राला मागून बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळती राहते.