आधी विहीर, मग समुद्र: स्कूबासाठी स्वस्त अ‍ॅक्शन कॅमेरा कसा निवडावा आणि वापरावा

स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला, न्यायचा कॅमेरा घेताना आमच्याकडची पोरं पहिला प्रश्न विचारतात, "फोर-के आहे का?" विचारायला हवं ते वेगळंच. हाउसिंग (कॅमेऱ्यावर चढवायची पाणबंद पेटी) किती मीटर झेपतं, आणि त्याचं दार लावल्यावर ते खरंच बंद होतं का? चित्र कितीही सुंदर येत असलं तरी आत पाणी शिरल्यावर सगळा खेळ संपतो. बडनेऱ्याहून गाडी धरून कोकण गाठायचं, मालवणात बोटीत बसायचं आणि पाण्यात उतरल्याबरोबर काचेच्या आत थेंब दिसायचे, हे सहज टाळता येतं. त्याला लागणारं सगळं सामान आपल्या गावात आहे: बादली, दोर आणि भरलेली विहीर.

निवड

खोलीपासून सुरुवात करा. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब, २० मीटरवर तिप्पट. पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे पहिल्या अनुभवाच्या डाइव्हला (बुडीला) १२ मीटरची मर्यादा आहे आणि ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, प्रशिक्षण झालेल्याला १८ मीटरची. त्यामुळे ३० किंवा ४० मीटरचं हाउसिंग तुम्हाला पुरून उरतं. डब्यावर नुसतं 'वॉटरप्रूफ' किंवा 'आयपी६८' छापलेलं असेल आणि मीटरचा आकडा नसेल, तर तो कॅमेरा दुकानात परत ठेवा. पावसात भिजणं वेगळं आणि १२ मीटर खाली जाणं वेगळं.

गोप्रोचे अलीकडचे कॅमेरे हाउसिंगशिवाय १० मीटर आणि डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत चालतो. तरीही मी उघडा कॅमेरा खाली नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नका. बॅटरीच्या दारात वाळूचा एक कण अडकला की कॅमेरा गेला. हाउसिंग असलं की पाण्याला दोन दारं ओलांडावी लागतात, आणि हाउसिंगची किंमत कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ असते.

स्वस्त कॅमेऱ्यातलं फोर-के बऱ्याचदा लहान चित्र ताणून मोठं केलेलं असतं, आणि ते चालू केलं की स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, बंद पडतं. पाण्याखाली हात डुलतोच, तेव्हा स्थिरीकरणासह १०८० आणि ६० फ्रेम ठेवा, चित्र जास्त चांगलं येईल. बटणं मोठी आणि दाबल्याचं बोटाला कळेल अशी हवीत, कारण टचस्क्रीन पाण्यात चालत नाही आणि वाय-फायही पाण्यातून जात नाही. मोबाइलवरून कॅमेरा चालवू, ही आशा किनाऱ्यावरच सोडा.

नाव न ऐकलेल्या कंपनीचा नवा कॅमेरा आणि नावाजलेल्या कंपनीचं मागच्या पिढीचं मॉडेल एकाच किमतीत मिळत असेल, तर मागचं मॉडेल घ्या. त्याची रबरी रिंग, दार, बॅटरी पुढची काही वर्षं तरी मिळत राहते. वापरलेला घेत असाल तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे हातात घेऊन बघा. मेमरी कार्ड व्ही३० ही वेगाची खूण असलेलं, ओळखीच्या दुकानातून घ्या आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

दार, रिंग आणि विहीर

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यावर. चुकीचा सल्ला सर्वांत जास्त मिळतो तोही याच कामात, म्हणून इथे घाई करू नका.

आधी दार ओळखा. बऱ्याच हाउसिंगसोबत दोन मागची दारं येतात. एकाला आवाज आत जावा म्हणून फटी असतात, ते जमिनीवरचं. दुसरं सलग, भरीव, ते पाण्यातलं. विकणाऱ्याने कधी फटींचंच बसवून दिलेलं असतं. बोट फिरवून खात्री करा.

आता रिंग. पाणी थांबवते ती ही रबरी पट्टी, प्लास्टिक नाही. ती काढायला सुई किंवा सेफ्टी पिन लावू नका, डोळ्याला न दिसणारी चीर पडते. नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उचला. खाच आणि रिंग गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा.

आणि इथे आपल्या कापसाच्या मुलखाची खास अडचण येते. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली कापसाने भरलेली असते आणि त्याचा तंतू दाराच्या चौकटीपासून जेवणाच्या ताटापर्यंत सगळीकडे उडत असतो. रिंगेवर असा एक तंतू आडवा पडला की दार वरून घट्ट लागतं, पण पाणी त्या तंतूला धरून झिरपत आत येतं. साध्या उजेडात तो दिसत नाही. रिंग मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपी धरून हळूहळू फिरवा, मग तो उभा राहिलेला चमकतो. रिंग कापसाच्या बोळ्याने किंवा सुती फडक्याने कधीही पुसू नका. धुतलेल्या कोरड्या बोटांनी चाचपा, चष्म्याच्या मऊ कापडाने काच पुसा, आणि हे काम कापसाच्या खोलीपासून लांब करा.

ग्रीसबद्दल प्रत्येक जण काही ना काही सांगतो. कोणी व्हॅसलीन म्हणतो, कोणी खोबरेल तेल, कोणी मोटारपंपाचं ग्रीस. यातलं काहीही लावू नका. अनेक स्वस्त हाउसिंगची रिंग सिलिकॉनची असते आणि सिलिकॉन ग्रीसनेसुद्धा ती फुगते, मग खाचेत बसत नाही. पुस्तिकेत ग्रीस लावा असं लिहिलं असेल तरच, तिथे सांगितलेलं, रिंग नुसती चकाकेल इतकंच लावा. लिहिलं नसेल तर कोरडी ठेवा.

मग चाचणी, आणि ती कॅमेरा बाहेर ठेवून. हाउसिंगमध्ये टिश्यू पेपरची घडी ठेवा, दार लावा आणि अर्धा तास बादलीत बुडवून धरा. बटणं दाबत राहा, कारण प्रत्येक बटणाच्या दांडीलाही छोटी रिंग असते. बुडबुड्यांची माळ एकाच जागेवरून सुटत राहिली तर गळती तिथे आहे. बादलीची पायरी गाळू नका. खोलवर पाण्याचा दाब दारालाच आत ढकलून रिंग दाबून धरतो, त्यामुळे ढिलं दार उथळ पाण्यातच आधी गळतं.

बादलीत कोरडं राहिलं की विहीर. पावसाळ्यानंतर विहिरी भरलेल्या असतात तेव्हाच हे उरका. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर ही संधी नाही. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत ते आणि पिशवीच्या तळाशी कापडात गुंडाळलेला दगड घाला. दोराला दर मीटरला गाठ मारा, म्हणजे खोली मोजता येते. १० मीटर मिळालं तर उत्तम, ५ मीटर पाणी असलं तरी करा. मोटार बंद असू द्या, सोबत एक माणूस घ्या, कठडा नसलेल्या विहिरीवर वाकू नका, आणि पिशवी सुटली तरी मागे कोणी उतरायचं नाही. काही शेकड्यांच्या प्लास्टिकपेक्षा माणूस मोठा.

अर्ध्या तासाने वर काढा, बाहेरून पूर्ण पुसा आणि दार जमिनीकडे करून उघडा, नाहीतर बाहेरचा थेंब आत पडून उगाच शंका येते. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला असला तरी त्या बाजूची रिंग आणि खाच पुन्हा तपासा, रिंग बदला आणि पहिल्यापासून सुरू करा. "थोडंसंच आलं" याला काही अर्थ नाही. समुद्राचं पाणी खारं असतं आणि थोडंसंच पुरतं.

काचेवर आतून धुकं येतं ते गळतीमुळे नाही, आत बंद झालेल्या दमट हवेमुळे. कॅमेरा गरम होतो, काच समुद्राच्या पाण्याने थंड होते, बाष्प काचेवर बसतं. कोकणातल्या दमट पहाटे बोटीवर हाउसिंग उघडू नका. आदल्या रात्री एसीच्या खोलीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची छोटी पुडी घालून बंद करा, पुडीचा कोपरा रिंगेत अडकू देऊ नका. तांदळाचे दाणे घालायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, त्याची पूड रिंगेत जाते.

पाण्यात

पहिल्याच डाइव्हला कॅमेरा प्रशिक्षकाकडे द्या. तरंगण्यावर ताबा आला की मग स्वतः घ्या, आखूड मुठीला दोरी लावून जॅकेटला अडकवा. सेल्फी स्टिक नको. चित्र हलू नये म्हणून श्वास रोखून धरायची सवय तर मुळीच लावून घेऊ नका. स्कूबात श्वास रोखून वर येणं फुप्फुसाला जिवावरचं ठरू शकतं.

पाणी आधी लाल रंग खातं, पहिल्या काही मीटरमध्येच. म्हणून व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर न ठेवता कॅमेऱ्यात पाण्याखालचा मोड असेल तर तो लावा. अंदमानच्या निळ्या पाण्यात ५ मीटरच्या खाली लाल फिल्टर चालतो. मालवणच्या हिरवट पाण्यात गुलाबी-जांभळट फिल्टर जास्त बरा. टॉर्च लावलात तर फिल्टर काढा आणि टॉर्च लेन्सपासून बाजूला धरा, नाहीतर पाण्यातला गाळच चमकतो.

आणि जवळ जा. हातभर अंतरावरून मासा दिसतो, दोन-तीन मीटरवरून नुसतं हिरवं पाणी. मात्र जवळ जाण्याच्या नादात प्रवाळाला हात किंवा पाय लावू नका, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

वर आल्यावर

दार न उघडता हाउसिंग गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि बटणं दाबा. गावी येऊन पुन्हा धुणार असाल तर पाणी बघून घ्या. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीही खारं, तिथे पिण्याच्या जारचंच पाणी वापरा. विमानाने आलात तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. घरी बॅटरी निम्मी भरून काढून ठेवा, मे महिन्यात कॅमेरा गाडीत विसरू नका, आणि हाउसिंगचं दार उघडं ठेवून कपाटात ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत रिंग दबून चपटी होत नाही.