डोक्याला मुका मार बसलेल्या पोरांना माइंडफुलनेस कसं शिकवायचं: डोळे उघडे, लक्ष पायात

कोल्हापुरात फिजिओथेरपी करायची म्हणजे फुटबॉलची आणि कबड्डीची पोरं येणारच. घोटे, गुडघे रोजचेच, पण दर सीझनला दोन-चार पोरं डोकं धरून येतात. हेडर मारताना दोन डोकी आपटलेली असतात, नाहीतर चढाईवाल्याचा पाय धरायला वाकला आणि गुडघा कानशिलात बसला. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात, डॉक्टर कन्कशन म्हणतात. जखम दिसत नाही, बेशुद्ध पडणारे थोडेच, सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, मग घरचे म्हणतात रिपोर्ट तर क्लिअर आहे, हा पुस्तक उघडलं की डोकं धरून का बसतो? नाटक नाही ते. बिघाड मेंदूच्या कामात असतो, तो फोटोत येत नाही.

अशा पोरांना माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता अंगाला जे जाणवतंय त्याकडे निवांत लक्ष देण्याच्या सरावाचा, उपयोग होतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय. पण त्याने मेंदू भरून येतो वगैरे कुणी सांगत असेल तर तिथून उठा. यावरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. दुखण्यावर जी भीती चढते, चिडचिड, उडालेली झोप, "माझं दहावीचं वर्ष गेलं" हे रात्रभर चालणारं दळण, ते जरा सैल होतं. तेवढं झालं तरी पुष्कळ आहे.

१. आधी डॉक्टर

हे सांगायला लागू नये, तरी सांगते. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, फिट, जीभ अडखळणं, एक वस्तू दोन दिसणं, हातापायातली ताकद कमी होणं, मानेत जोराची कळ, उठवलं तरी झापड न जाणं किंवा वागणं विचित्र होणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. ध्यानबिन नंतर.

२. पहिले ४८ तास काही शिकवू नका

पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमीत कमी, घरातल्या घरात फिरलं तर चालतं. पण आठवडाभर पडदे लावून अंधाऱ्या खोलीत ठेवायचं हे जुनं झालं. खेळातल्या कन्कशनवरचे जगभरातले तज्ज्ञ २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला जमले होते, त्यांचं निवेदन २०२३ मध्ये छापून आलं, त्यातही कडक विश्रांती नको, हलकं चालणं-फिरणं पहिल्या एक-दोन दिवसांतही चालतं, मग हळूहळू वाढवा असंच आहे. माइंडफुलनेस दोन दिवसांनंतर, त्या वाढवण्याबरोबर सुरू करायचं.

३. जागा आणि वेळ

पाठ टेकायला खुर्ची, पायाखाली फरशी, पोर दमलेलं किंवा उपाशी नसलेली वेळ, आणि कुकरची शिट्टी होऊन गेलेली.

४. लक्ष कुठे ठेवायचं (इथेच सगळे चुकतात, मीही चुकले)

सुरुवातीच्या काळात नववीतला एक मुलगा आला होता, मार लागून दहा-बारा दिवस झालेले. मी नुकताच एक कोर्स केलेला, त्यामुळे हात शिवशिवत होते. त्याला चटईवर आडवा केला, डोळे मिटायला लावले आणि बॉडी स्कॅन सुरू केला, म्हणजे अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत जायचं. पंधराव्या मिनिटाला मी मोठ्या प्रेमाने "आता कपाळ, आता कवटीच्या आत" असं म्हणाले आणि पोरगं उठून बसलं. "मॅडम, डोस्कं लैच गरगरतंय." बेसिनपर्यंत पोचायच्या आत उलटी. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन, की तुमच्या त्या ध्यानानं वाढलंय त्याचं. बरोबर होतं त्यांचं. पोरगा पुढे आठवडाभर फिरकला नाही.

मी एका झटक्यात तीन चुका केल्या होत्या.

पहिली, डोळे मिटायला लावले. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणची खबर घेतो: डोळे, आतला कान आणि पाय-मान-सांधे. या मारानंतर आतल्या कानाची खबर पुष्कळदा गडबडलेली असते आणि पोर नकळत डोळ्यांच्या भरवशावर चालत असतं. तेवढा एक आधार आपण "शांत डोळे मिट बाळा" म्हणून काढून घेतो, मग गरगरणार नाही तर काय होणार? म्हणून डोळे उघडे, नजर जरा खाली, समोरच्या न हलणाऱ्या वस्तूवर सैल सोडलेली. फिरता पंखा नको, उदबत्तीचा धूर नको, मेणबत्ती लावून त्राटक तर अजिबात नको, आधीच प्रकाश सहन होत नसतो.

दुसरी, लक्ष डोक्यात नेलं. दुखऱ्या जागी भिंग धरलं की दुखणं मोठंच दिसणार. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी शाळेत आनापान केलेलं असतं, नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा ते. चांगली गोष्ट आहे, पण पहिल्या दिवसांत तेही चेहऱ्याच्या, म्हणजे डोक्याच्या फार जवळ पडतं, ते नंतर. सुरुवात तळपायापासून. अनवाणी पाय फरशीवर ठेवायचे आणि विचारायचं, गार कुठे जास्त लागतंय, टाचेला की चवड्याला? डाव्याला की उजव्याला? फरशीचा सांधा अंगठ्याला लागतोय का? प्रश्न असे बारीक पाहिजेत, नुसतं "पायावर लक्ष दे" म्हटलं तर पोर दहा सेकंदात परत डोक्यात. पाय नको वाटले तर हातात पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या द्या. त्याचा काठ, त्याचं वजन, बाहेरून सुटलेला घाम. एक मुलगी तांब्या इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची, तिला बोटं जरा सैल सोड एवढंच सांगितलं, तेव्हा खांदेही आपोआप खाली आले.

तिसरी, वेळ. पंधरा मिनिटं म्हणजे त्या मेंदूला अख्खा पेपर सोडवल्यासारखं, लक्ष देणं हेही कामच आहे. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, पहिला आठवडा एवढंच. पोर म्हणालं अजून करू, तरी थांबवा.

आता श्वासाबद्दल, कारण घरात कुणीतरी कपालभाती आणि भस्त्रिका सुचवणारच. नको. भराभर जोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि धडधाकट माणसालाही हलकं-हलकं, गरगरल्यासारखं होतं. श्वास कोंडणंही नको, डोकं खाली जाईल असं कुठलंही आसन नको. श्वास जसा चाललाय तसा चालू दे.

याहून अवघड भाग पुढे आहे. दोन मिनिटांतही मध्येच डोकं ठणकतंच. तेव्हा "तिकडे लक्ष देऊ नको" म्हणायचं नाही, ते जमत नाही. मी शिकवते की मनात दोन शब्द बोलायचे, "ठणका आलाय", आणि परत टाचेवर यायचं. पाहुणा दारात दिसला, मान डोलावली, आपण आपलं काम चालू ठेवलं. "का आलाय, कधी जाणार, वाढला तर काय" हे सुरू झालं की तेही दोन शब्दांत, "काळजी सुरू", आणि परत टाच. वीस वेळा गेलं तर वीस वेळा परत. पोरांना वाटतं लक्ष गेलं म्हणजे आपण नापास. त्यांना सांगा की सराव म्हणजे ते परत येणंच.

आणि हे सगळं एका झटक्यात बिघडवायची ताकद घरच्यांत असते. आई दर दहा मिनिटांनी विचारते, "दुखतंय का रे? किती दुखतंय?" बाबा ऑफिसातून फोन करून तेच. पोर तपासायला आत जातं आणि अर्थातच काहीतरी सापडतं. मी आता आई-बाबांकडून कबूल करून घेते की विचारायचं दिवसातून दोनदाच, सकाळी आणि संध्याकाळी, शून्य ते दहा आकड्यात. वर लिहिलेली धोक्याची लक्षणं वेगळी, त्यांच्यावर नजर ठेवायचीच, त्यातली बरीचशी न विचारताही दिसतात.

सरावालाही तोच आकडा लावते. सुरू करताना तीन होतं आणि पाच झालं, तासाभरात परत तीनवर आलं, तर चिंता नको, उद्या जरा कमी करा. दोनपेक्षा जास्त चढलं तर लगेच थांबा. आणि रोजच चढत असेल तर माइंडफुलनेस बाजूला ठेवून मान, डोळे आणि तोल नीट तपासून घ्या, पुष्कळदा दुखणं मानेतून येत असतं आणि आपण मनाला कामाला लावलेलं असतं.

५. वाढवायचं कसं

आठवड्याने तीन मिनिटं, मग पाच. त्यानंतर गच्चीवर सावकाश चालताना तळपाय, शाळा सुरू झाली की दोन तासांच्या मध्ये बाकाखाली बूट दाबून अर्धा मिनिट, रात्री झोप येईना तर चादरीचा स्पर्श. अ‍ॅप नको, निदान सुरुवातीला, एकतर स्क्रीन आणि वर कानात कुणाचा तरी गोड आवाज. तुम्ही शेजारी बसून तुमच्या नेहमीच्या आवाजात सांगा, आणि जमलं तर स्वतःचेही पाय फरशीवर टेका, पोरांना कळतं आपण नुसतं सांगतोय की करतोय.

६. शांत झाला म्हणून मैदानात सोडू नका

एका कोचने मला विचारलेलं, मॅडम, आता चिडत नाही, झोपतोय छान, शनिवारी खेळवू? नाही. आधी पूर्ण शाळा, मग खेळाकडे पायऱ्यापायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला निदान २४ तास, आणि अंगाला अंग लागणारी प्रॅक्टिस डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडू शकतो. तळपायावर लक्ष ठेवता येतं याचा आणि हेडर मारण्याचा काही संबंध नाही.

बहुतेक पोरं चार आठवड्यांत बरी होतात. त्यापुढे गेलं तर परत डॉक्टर, आणि पोर गप्प-गप्प राहायला लागलं, कशातच मन लागेना, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोललं, तर चार आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी.

नववीतला तो पोरगा नंतर परत आला. खुर्ची, उघडे डोळे, दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, पाय फरशीला चिकटल्यागत वाटतंय." पाच आठवड्यांनी विचारलं सराव चालू आहे का, तर लाजून म्हणाला इसरलो. मीही पुढे विचारलं नाही.