गावच्या कुस्ती-दंगलीचं जुनं पत्रक: शोधावं कुठं, ओळखावं कसं

नामांकित मल्लांचे फोटो कुणी ना कुणी जपलेले असतात. मिळत नाही तो विदर्भातल्या गावच्या पहिलवानाचा कागद. नागपंचमीच्या, पोळ्याच्या दंगलीचं पत्रक भिंतीला खळीनं डकवायचे आणि पावसात ते धुऊन जायचं. उरलं ते चुकून.

चुकून उरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. देवाच्या जुन्या तसबिरीत चित्र आणि पुठ्ठा यांच्यामध्ये भर म्हणून घातलेला कागद, पेटीच्या तळाचं अंथरण, हिशेबाच्या वहीचं कव्हर. तालुक्याचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणारा छापखाना बंद पडतो तेव्हा नमुन्यांची फाइल रद्दीत निघते. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा. तसबीर उघडताना काच खाली ठेवा, चुका (बारीक खिळे) पकडीनं सरळ करा, मग पुठ्ठा उचला. कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, तसाच बंद करा.

पत्रकावर साल बहुधा नसतं, पण विदर्भाचा पत्ता इतक्यांदा बदलला की तोच साल सांगतो. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर १९५० च्या आधीचं. ‘म. प्र.’ (मध्य प्रदेश) असेल तर १९५० ते ऑक्टोबर १९५६. ‘मुंबई राज्य’ म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०. ‘नवे पैसे’ १९५७ ते १९६४ मधले. आण्यांवर मात्र विसंबू नका, नवी नाणी आल्यावरही लोक आण्यातच बोलत. शके दिलं असेल तर ७८ मिळवा; तिथी १ जानेवारीनंतरची, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. नुसती तिथी आणि वार असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून पाहा, बरीच सालं गळतात. तळाची बारीक ओळही वाचा: १८६७ च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं.

नक्कल ओळखणं सोपं. खिळ्यांची छपाई कागदात रुतते, तिरप्या उजेडात पाठीवर उठाव दिसतो. झेरॉक्सचा कागद सपाट, आणि दहापट भिंगाखाली अक्षराभोवती काळी भुकटी.

घडी उन्हाळ्यात उघडू नका. मे महिन्यात कागद पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. पावसाळ्यापर्यंत थांबा, किंवा झाकणाच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवून वर जाळीवर कागद पाच-सहा तास ठेवा. रात्रभर विसरलात तर बुरशी.

खळ काढण्याआधी रंग तपासा. ही पत्रकं स्वस्त गुलाबी-पिवळ्या कागदावर असत. काळी शाई टिकते, कागदाचाच रंग सुटतो. कोपऱ्याला ओला कापूस लावून वर पांढरा टिपकागद मिनिटभर दाबा. रंग उतरला तर पाण्याचं नाव काढू नका. नाही उतरला तर दोन दमट टिपकागदांत अर्धा तास ठेवून बोथट पातीनं खळ खरवडा, मग कोरड्या टिपकागदांत वजनाखाली ठेवा. तासाभरानं टिपकागद बदला.

सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको. टेपचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, लॅमिनेशन तर सुटतच नाही. पॉलिएस्टरच्या पाकिटात आडवं ठेवा. कडुलिंबाची पानं कागदाला टेकवू नका, डाग पडतात.

पत्रकात जोडी आणि इनाम छापलेलं असतं, निकाल नसतो. तो गावातल्या काकाजींनाच विचारावा लागतो. घरच्यांना चांगली रंगीत प्रत करून द्या, आणि ऐकलेलं पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पत्रकाच्या पाठीवर नको.